सायकल शोधायला लायब्ररी पुरते, मग डीएफएस शिकवायचंच कशाला?

मांजराकाठ (लातूर)
परवा इथं एकानं लिहिलं, "डायरेक्टेड ग्राफमधली सायकल शोधणं पायथनमध्ये तीन ओळींचं काम आहे, कॉलेजात डीएफएसवर दोन आठवडे घालवणं बंद करा." खाली अंगठ्यांची रांग. नवख्यांसाठी सांगतो: डायरेक्टेड ग्राफ म्हणजे ठिपके (नोड) आणि त्यांना जोडणारे एकाच दिशेचे बाण. बाणांमागं जात परत त्याच ठिपक्यावर आलो की ती सायकल. डीएफएस म्हणजे एक वाट शेवटपर्यंत धरून मग मागं फिरत शोधायची पद्धत, आणि लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. माझ्यानं राहवेना म्हणून लिहायलो.

मी डाळमिलवाल्यांना स्टॉकचं सॉफ्टवेअर करून देतो. तुरीचा एक लॉट दुसऱ्यात मिसळतात, उरलेला तिसऱ्यात जातो. लॉट म्हणजे नोड, मिसळणं म्हणजे बाण. एकदा रात्री अकराला फोन आला, स्क्रीन अडकली. बघतो तर ११८ चा माल १३१ मध्ये, १३१ चा १४० मध्ये, आणि १४० ची उरलेली डाळ परत ११८ च्या नावावर चढवलेली. खर्च काढणारा कोड घाण्याच्या बैलासारखा फिरत होता.

दुरुस्तीला एका पोराला बसवलं. त्यानं साधा 'व्हिजिटेड' सेट लावला, म्हणजे नोड दुसऱ्यांदा दिसला की सायकल. सकाळी निम्मे लॉट लाल! कारण एक लॉट दोन भागांत वाटला आणि दोन्ही भाग पुढं एकाच लॉटात आले, तरी त्याला ती सायकल वाटली. तिथं बाण मागं फिरतच नाही. पांढरा, करडा, काळा हे रंग त्यानं हातानं भरले असते तर कळलं असतं. अजून न पाहिलेला नोड पांढरा, ज्याच्या पोटात शिरून आपण अजून बाहेर आलो नाही तो करडा, पुरता बघून बाहेर आलो तो काळा. बाण करड्यावर गेला तरच सायकल, काळ्यावर गेला तर खुशाल जाऊ द्या.

गोदातीर (नांदेड)
भाऊ, हा तर लायब्ररीच्याच बाजूचा पुरावा झाला. पोरानं हातानं लिहिलं म्हणूनच चुकलं ना? २०२० पासून, म्हणजे पायथन ३.९ पासून ग्राफलिब ही लायब्ररी पायथनसोबतच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्यातल्या टोपॉलॉजिकल सॉर्टरला, म्हणजे आधी काय नंतर काय असा क्रम लावणाऱ्या भागाला, ग्राफ द्या, प्रिपेअर ही आज्ञा द्या. सायकल असली की सायकल एरर येतो आणि त्यातच यादी मिळते: ११८, १३१, १४०, ११८. मिलवाल्याला कुठं चुकलं ते आकड्यासकट दिसतं.

मांजराकाठ (लातूर)
यादी उलटी येऊ शकते, ते सांगा की. ग्राफलिबला प्रत्येक नोडच्या *आधीचे* नोड द्यायचे असतात. पोरं नंतरचे देतात. बाण उलटले तरी सायकल सापडतेच, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि मिलवाला उलट्या क्रमानं लॉट तपासत बसतो. शिवाय दहा सायकली असल्या तरी तुमचं ग्राफलिब एकच दाखवतं. एक सोडवा, परत चालवा, दुसरी निघते. मी रॉबर्ट टार्जन यांची १९७२ ची पद्धत लावली. ज्यांतल्या कुठल्याही लॉटापासून दुसऱ्यापर्यंत बाणांनी जाऊन परत येता येतं, असे गुंतलेले सगळे घोळके एकाच फेरीत मिळतात.

गोदातीर (नांदेड)
रिकर्जननं, म्हणजे फंक्शन स्वतःलाच परत परत बोलावतं तशी, लिहिली असेल तर हजारभर लॉटांची साखळी आली की कोसळेल. अशा एकात एक बोलावण्यांची पायथनची मर्यादा मुळात १००० आहे.

मांजराकाठ (लातूर)
कोसळली होती. मग रिकर्जन काढून, स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी यादी) घेऊन परत लिहिली. अल्गोरिदम येत होता म्हणूनच लिहिता आली.

बालाघाट (बीड)
मला सायकल कॉलेजात नाही, कचेरीत कळली. उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो तर म्हणे रेशनकार्ड आणा. रेशनकार्डाला गेलो तर म्हणे उत्पन्नाचा दाखला आणा. चार हेलपाटे, चार दिवसांची मजुरी बुडाली, आई उन्हात पायरीवर बसून. वर्गात सरांनी फळ्यावर ए, बी, सी काढलं तेव्हा मी वहीत दाखला आणि रेशनकार्ड लिहिलं होतं. सध्या अशा अर्जांच्याच प्रणालीवर काम करतो. कोणता कागद कशावर अवलंबून, हे नियम भरताना सायकल दिसली तर तो नियम जतनच होऊ देत नाही. हाताचं का लायब्ररीचं, मला फरक पडत नाही.

जालनेकर (सध्या पुणे)
मुलाखती मी घेतो म्हणून बोलतो. आपल्याकडची पोरं तीन रंग धडाधडा म्हणून दाखवतात. एखादा नोड स्वतःकडेच बाण मारत असेल तर काय, विचारलं की गप्प. लातूर पॅटर्न! पाठ करा, उत्तरं खूण करा, मोकळे व्हा.

मांजराकाठ (लातूर)
लातूर पॅटर्नला नावं ठेवायला पुण्यात बसून काय जातंय? माझे वडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. मी मामाकडं राहून पहाटे चारला उठून सराव केला, म्हणून आज मिलमध्ये पोती उचलत नाही. पाठांतरच होतं, कबूल. पण तेवढंच आमच्या हातात होतं.

जालनेकर (सध्या पुणे)
दादा, मीही कोरडवाहूतलाच आहे. राग पोरांवर नाही, शिकवण्यावर आहे.

खडूफळा (परभणी)
शिकवणारी मी आहे, तेव्हा मलाही बोलू द्या. साठ पोरं, पंधरा कॉम्प्युटर, त्यातले चार बंद. मी १९६२ ची आर्थर कान यांची क्रम लावायची पद्धत चिठ्ठ्यांवर घेते. वखरणी, बियाणं, पेरणी, कोळपणी अशा कामांच्या चिठ्ठ्या मांडायच्या, जिच्याकडं बाण येत नाही ती तिच्या बाणांसकट उचलायची, असं करत राहायचं. चिठ्ठ्या शिल्लक राहिल्या तर सायकल आहे. मागच्या महिन्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, उरलेल्या सगळ्या सायकलीत नाहीत, काही नुसत्या तिच्या मागं अडकल्यात." हे तिला कुणी पाठ करून दिलं नव्हतं. आणि मांजराकाठ, जालनेकरांवर चिडलात ते ठीक, पण प्रश्न त्यांचा बरोबर आहे. टार्जनच्या पद्धतीत स्वतःकडे बाण असलेला नोड एकटाच वेगळा घोळका म्हणून निघतो. तुम्ही एकाहून जास्त नोड असलेलेच घोळके पकडता का?

गोदातीर (नांदेड)
ग्राफलिब तो नोडही पकडतं. सांगून ठेवतो.

मांजराकाठ (लातूर)
मॅडम, आत्ता मिलचा डेटा चालवून आलो. लॉट २०९ स्वतःतच मिसळलेला आहे. त्याचा खर्च अजून कुणी काढला नव्हता म्हणून बोंब झाली नाही. अट दुरुस्त केली. नोंद करताना एकच सायकल सापडली तरी अडवायचं असतं, तिथं उद्यापासून ग्राफलिब बसवतो. गोदातीर, तेवढं तुमचं. पण त्या पोराला आधी कागदावर तीन रंग भरायला लावणार आणि त्यात २०९ घालणार. जालनेकर, लातूर पॅटर्नचं बोललात ते मात्र मी विसरलेलो नाही.