किरायदार गेले, वास राहिला: तुम्ही काय केलं?

नागपुरात मनीषनगरातल्या आमच्या दोन खोल्या तीन वर्षं किरायाने होत्या. एप्रिलअखेर रिकाम्या झाल्या. दार उघडलं आणि आई उंबऱ्यातूनच मागे फिरली. ओटा तेलाने चिकट, भिंतींवर सिगारेटचा पिवळा थर आणि या सगळ्यात मिसळलेला काहीतरी सडका वास. चारदा फिनाईलने पुसलं, कापूर-धूप केला, सकाळी वास तसाच. जूनमध्ये मावशी राहायला येतेय, तिला दमा आहे. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

धरमपेठहून:
सिगारेटच्या थरावर सरळ रंग मारू नका. आम्ही मारला, महिन्यात पिवळे डाग वर आले, पैसे पाण्यात. मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने भिंती पुसल्या, दोन दिवस वाळवल्या, ऑइल प्राइमर दिला आणि नंतर रंग. छत आणि पंख्याची पाती विसरू नका, धूर वरच बसतो. मावशींना दमा आहे म्हणता, तर प्राइमरचा वास पूर्ण जाऊ द्या, मगच बोलवा.

महालातून:
आधी मोरीच्या जाळीत बादलीभर पाणी ओता. आमचं घर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद होतं. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, वास अडवून धरणारं पाणी आटलं आणि गटाराचा वास सरळ घरात. मी किरायदारांना दोष दिला, डिपॉझिट अडवलं. पाणी ओतल्यावर तासाभरात वास गेला. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन पैसे परत केले आणि माफी मागितली. ती बाई काही बोलली नाही, फक्त पाणी आणून दिलं.

प्रतापनगरातून:
आमच्याकडे मांजराचं मूत होतं. त्यातलं युरिक ॲसिड साध्या पाण्याने निघत नाही, पावसाळ्यात हवा दमट झाली की वास परत उठतो. एन्झाइमवालं क्लीनर रात्रभर मुरू दिलं तेव्हा सुटका झाली. ब्लीचिंग पावडरवर संडासाचं ॲसिड चुकूनही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. माझा भाऊ खोकत खोकत बाहेर पळाला होता.

इतवारीतून:
कूलर पाहिला का?

मनीषनगर, पुन्हा:
आताच पाहिला. टाकीच्या तळाशी चार बोटं काळं पाणी, त्यात मेलेली पाल, बाजूच्या गवताच्या ताट्या शेवाळून गच्च. मोरीतही पाणी ओतलं. ताट्या फेकल्या, टाकी घासून गच्चीवर उन्हात उलटी ठेवलीय. भिंती परवापासून. मावशीला जूनअखेर ये म्हणून कळवलं.