मदत हवी आहे: सॅन फ्रान्सिस्को नक्की किती लांब, किती तास?

नाशिकरोडकर:
मंडळी, आई-बाबा दिवाळीनंतर पहिल्यांदाच ताईकडे निघालेत, सॅन होजेला. दोघंच. उतरायचं सॅन फ्रान्सिस्कोला. बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, आकडा जुळला नाही की त्यांना घास उतरत नाही. एकीकडे अंतर दिसतं साडेतेरा हजार किमी, दुसरीकडे पंधरा हजारांच्या वर. नकाशावर दोरा लावून बघितला तर तिसराच आकडा! वेळेचंही तेच, कुणी साडेचौदा तास म्हणतं, कुणी सतरा. त्यात एका विमानाच्या वेळा अशा, की पहाटे निघून त्याच दिवशी सकाळी पोचतात. आईला शुगरच्या गोळ्या असतात, म्हणून मलाही खरे तास हवेत. आणि मुंबईहून जावं की नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली गाठावी?

ओझरकर:
दोरा नकाशावर नको, पृथ्वीच्या गोलावर ताणायला सांगा. तो अटलांटिकवरून जातच नाही, सायबेरिया ओलांडून आर्क्टिकवरून पलीकडे उतरतो. असं मोजलं तर मुंबईहून साधारण १३,५०० किमी, दिल्लीहून १२,४००. ताशी ९०० धरलं तर मुंबईहून पंधरा तास.

पण विमान दोऱ्यावरून उडत नाही ना. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी. तुमचे पंधरा हजार आणि साडेचौदा बहुधा इथलेच. म्हणून किमी विसरा, तिकिटावरचे तास बघा. तेही ताज्या तिकिटावरचे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर आपल्या कंपन्यांच्या विमानांना वळसे पडले, काहींना इंधनासाठी मध्येच उतरावं लागलं.

गोदाकाठ:
तारखेचं मी सांगते. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. पहाटे ४ ला निघून १६ तासांनी उतरलात, की आपल्याकडे रात्रीचे ८, तिकडे त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा. आईंच्या हातातलं घड्याळ प्रवासभर आपल्याच वेळेवर राहू द्या. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. उतरल्यावर वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारा, इथल्या कुणाचं ऐकू नका, माझंही.

सीबीएस कट्टा:
ओझर-दिल्ली दोनेक तासांचं काम, पण सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असेल तरच. वेगळी तिकिटं काढलीत तर दिल्लीत बॅगा घ्या, परत चेक-इन करा, टर्मिनल बदलायची वेळ आली तर तीही धावपळ. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर भुर्दंड तुमचाच. वयस्कर माणसांना मी मुंबईच सांगेन. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती गेली. खरा वेळ खातं ते भिवंडी-ठाणं, तिथे दोन तास जादा धरा.

नाशिकरोडकर:
सगळ्यांचे आभार. बाबा शेजारच्या मुलाचा पृथ्वीचा गोल मागायला गेलेत. मुंबईच नक्की करतोय. आईचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर विमानतळावर ऐनवेळी मिळते का?

गोदाकाठ:
ऐनवेळेवर सोडू नका, तिकीट काढतानाच मागा, दोघांसाठी. इमिग्रेशनपर्यंत सोबत माणूस असतो, इंग्रजीची भीती असेल तर त्याचाच जास्त उपयोग.