नागपूर वैनगंगेच्या खोऱ्यातलंच

वैनगंगेचं खोरं म्हणजे भंडारा-गोंदिया, नागपूरचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. आपण नागपूरकर रोज पितो ते पेंच-कन्हानचं पाणी याच खोऱ्यातलं. आणि आपल्या सांडपाण्यानं काळी झालेली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. म्हणजे आपली घाण थेट गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात.

माझं आजोळ तिकडचंच, नदीकाठचं. आजी उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीत झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरून आणायची. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्यायलो नाही. आता ती रेती धरणाच्या फुगवट्याखाली आहे, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात मासोळीआधी जलपर्णी येते.