मदत हवी आहे: दमा, ॲस्पिरिनचं वावडं, नागपूरचा उन्हाळा आणि एक दाढ

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

वय 44, दमा पंधरा वर्षांचा. माहेर-सासर दोन्ही चिपळूणचं. तिकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास आणि मी रात्रभर उशांना टेकून बसलेली. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली नागपूरला झाली तेव्हा अख्खी आळी म्हणाली, "कोरड्या हवेत चाललीस, आता दमा पळेल." पहिली दोन वर्षं खरंच पळाल्यासारखा वाटला. मग परत आला, आणि येताना नाक बंद करून आला. वास जवळजवळ गेलाच. एकदा गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं, ते शेजारच्या काकूंनी दार वाजवून सांगितलं. मी त्याच ओट्याशी भाजी चिरत होते.

आता मुख्य प्रकार. मागच्या दिवाळीत रात्री दाढ ठणकायला लागली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून (दुकान हो, आपलं मेडिकल कॉलेज नव्हे) गोळी आणली. पाऊण तासात आधी नाकातून पाणी, मग चेहरा लालबुंद, मग छातीवर पाटा ठेवल्यासारखं. एरवी पंपाच्या दोन पफमध्ये मोकळं होतं, त्या रात्री फरकच नाही. कॅज्युअल्टीत नेब्युलायझर, सलाइनमधून स्टिरॉइड, पहाटे घरी. सगळ्यांनी एकमताने फटाक्यांच्या धुराला दोष दिला. मीही.

पंधरा दिवसांनी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "त्या रात्री गोळी कुठली घेतली होती?" तोवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. घरी येऊन ड्रॉवर उपसला. दुकानदाराने कात्रीने दोनच गोळ्या कापून दिल्या होत्या, त्यामुळे नाव अर्धं तुटलेलं. फोटो काढून मोठा केला तेव्हा दिसलं: पॅरासिटामॉल, आणि त्याच्याच वर बारीक अक्षरात एसिक्लोफिनॅक. मी "पॅरासिटामॉलच आहे ना" असं विचारूनच घेतली होती. उत्तर "हो" आलं होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं!

पुढे नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून दोन्ही बाजूंना पॉलिप (नाकाच्या आतल्या अस्तरावरचे मऊ फुगवटे) दाखवले. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्यांचं वावडं, असं हे त्रिकूट. सॅम्टर आणि बीअर्स यांनी 1968 मध्ये ते मांडलं म्हणून सॅम्टर यांच्या नावाने ओळखतात. दमा असलेल्या मोठ्या माणसांत साधारण 7 टक्क्यांना असतं म्हणे. आपण ॲलर्जी म्हणतो, पण ती नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नाही. या गोळ्या शरीरातलं कॉक्स-1 नावाचं एन्झाइम अडवतात, मग ल्युकोट्रायन्स नावाची सूज आणणारी रसायनं वाढतात आणि श्वासनलिका आवळतात. म्हणूनच ॲस्पिरिन चालत नाही त्याला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, काहीच चालत नाही. घराणं एकच.

मग मी जुनी कॅलेंडरं काढली. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी मी दम्याच्या वाईट दिवसांवर फुली मारते. तीन वर्षांत चार मोठे अटॅक. एक डिसेंबरातल्या पहाटे अंबाझरीला फिरायला गेले तेव्हाचा. एक एप्रिलमध्ये कूलर सुरू केला त्या रात्रीचा. उरलेले दोन, दिवाळीचा आणि त्याआधीचा गुडघेदुखीच्या वेळचा, गोळीनंतर दोन तासांच्या आत. चारही मी हवेच्या खात्यात टाकले होते.

सध्या सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप, रात्री मॉन्टेलुकास्ट (त्याच ल्युकोट्रायन्सना रोखणारी गोळी), नाकात स्टिरॉइडचा स्प्रे.

तर विचारायचं असं की, ती दाढ अजून तोंडातच आहे आणि काढायची आहे. दाताच्या डॉक्टरांना नेमकं काय सांगू? कूलर पूर्ण बंद करून एसी घ्यावा का? 45 अंशात काहीच न लावता झोपणं शक्य नाही. डॉक्टर ॲस्पिरिन डिसेन्सिटायझेशनबद्दल (शरीराला ॲस्पिरिनची हळूहळू सवय लावणं) बोलले, ते कुणी केलंय का? आणि सासूबाईंचं म्हणणं, नवऱ्याने नाशिकला बदली मागावी. मागावी का?

एक उपप्रश्न. एका नातेवाइकांनी संत्री बंद करायला सांगितली, त्यात सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचं रसायन असतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, "संत्र्याने कधी त्रास झालाय? नाही ना? मग खा." नागपुरात राहून संत्री बंद म्हणजे शिक्षाच झाली असती.

*

प्रतिसाद, महालचा माणूस:

ताई, एवढं टेन्शन नका घेऊ बाप्पा. माझ्या बायकोलाही दमा आहे, आमच्याकडे कूलर चालतो. गडबड त्या ताट्यांत, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्यांत असते. मागच्या वर्षीच्या ताट्या दहा महिने धूळ आणि बुरशी धरून बसतात, आणि पहिल्या दिवशी मोटर लावली की सगळं पलंगावर. दरवर्षी नव्या ताट्या, टाकी घासून वाळवून, आणि पहिले दोन तास कूलर रिकाम्या खोलीत चालवायचा. वाळ्याच्या वासाने तिला त्रास होतो म्हणून साध्या ताट्या लावतो. पहिला पाऊस पडला की कूलर बंद, त्यानंतर तो फक्त दमटपणा वाढवतो. आणि पंप गाडीच्या डिक्कीत ठेवत असाल तर आजच काढा. डब्यावर 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, अन् मे महिन्यात डिक्कीत पापड भाजून निघतील.

*

प्रतिसाद, नाकपुराण:

मलाही हेच त्रिकूट आहे. पॉलिपचं ऑपरेशन झाल्यावर दीड महिन्याने डिसेन्सिटायझेशन केलं. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस, अगदी थोड्या ॲस्पिरिनपासून सुरुवात, दर काही तासांनी डोस वाढवायचा, मध्ये मध्ये फुंकून घ्यायची चाचणी. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक गळलं, छाती थोडी भरली, औषध देऊन पुढे गेले. त्यानंतर ॲस्पिरिन रोज घ्यावं लागतं. काही दिवस खाडा झाला की संरक्षण जातं, आणि मग परत हॉस्पिटलातूनच सुरुवात. पोटासाठी वेगळी गोळी आलीच. मला फायदा झाला, कॉफीचा वास परत आला. पण घरी "थोडी घेऊन बघू" हा प्रयोग कुणीही करू नका.

दाताबद्दल: भूल देण्याचा प्रश्न सहसा नसतो, खरा धोका नंतरच्या गोळीत. किटोरोलॅकची विरघळणारी गोळी दाताच्या दवाखान्यात सर्रास देतात, तीही याच घराण्यातली. मला पॅरासिटामॉल 500 ची एकच गोळी चालते, एका वेळी हजारच्या पुढे नको असं सांगितलंय. इटोरिकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी बहुतेकांना चालते, पण पहिली गोळी डॉक्टरांसमोर घ्या. दुखऱ्या गुडघ्यावर चोळायची जेलसुद्धा डायक्लोफिनॅकची असते, विचारून घ्या. आणि मॉन्टेलुकास्टने वाईट स्वप्नं किंवा चिडचिड होत असेल तर लपवू नका, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये ठळक इशारा दिलाय.

*

प्रतिसाद, वाचनमात्र:

नाशिकलाही मेडिकलची दुकानं आहेत.

*

धागाकर्ती:

वाचनमात्र, हसले आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. बदलीचा विषय तूर्त मिटला.

नाकपुराण, स्वप्नांचं लिहिलंत ते बरं झालं. महिनाभर रोज पूर येतोय आणि मी चिपळूणच्या घरातून ट्रंका वर चढवतेय. 2005 चा पूर पाहिलाय, त्यामुळे त्याचंच असेल असं धरून चालले होते. उद्या डॉक्टरांना फोन करते.

चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांची नावं एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवलीत, दुसरं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच दाढ काढायला जाईन, आणि ती ऊन चढायच्या आधी.

महालचे दादा, पंप डिक्कीतच होता. कूलरवाला रविवारी ताट्या बदलायला येतोय, तेवढा वेळ मी मैत्रिणीकडे जाऊन बसते.