मदत हवी आहे: आईला घेऊन इस्तंबूलच्या हमामात
मंडळी, दिवाळीनंतर आई आणि मी इस्तंबूलला जातोय. चेंबरलिताश हमाम, म्हणजे तिथलं जुनं सार्वजनिक स्नानगृह, मनात आहे. 1584 चा, उस्मानी वास्तुकार मिमार सिनानने बांधलेला, बायकांचा विभाग वेगळा. तापलेल्या संगमरवरी ओट्यावर आडवं व्हायचं, मग खरखरीत हातमोज्याने घासून मळाच्या वळ्या काढतात म्हणे. आई म्हणते, "एवढे पैसे? दिवाळीला उटणं लावून मी फुकट घासायचे की!" पण यायचंय तिलाही.

अडचण अशी, की तिला बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उष्णतेत किती वेळ ठेवतात? ओल्या फरशीवर पाय घसरतो का? मसाज टाळून नुसतं घासणं आणि साबणाचा फेस घेता येतो का? आणि त्या पेश्तेमालच्या, म्हणजे पंच्याच्या, आत काय घालतात? (हा प्रश्न आईचा.) जाऊन आलेल्या बायकांनी सांगा प्लीज.