मदत हवी आहे: कथेतल्या यानाचं गणित कुणी तपासून देईल का?

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय, मुदत तोंडावर आलीय आणि मी गणितात अडकलेय.

चौघंजण ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याकडे निघतात. अंतर साधारण ४० प्रकाशवर्षं, वेग प्रकाशाच्या ९९ टक्के. माझ्या हिशेबाने परत येईपर्यंत पृथ्वीवर ८१ वर्षं सरतात, यानात मात्र साडेअकराच (इतक्या वेगात यानातला काळ संथ चालतो). खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. जाताना पावणेसहा वर्षांत पृथ्वीवरचे जेमतेम पाच महिन्यांचे संदेश मिळतात. येताना यान संदेशांना सामोरं जातं, म्हणून तेवढ्याच काळात उरलेली ऐंशी वर्षं चौदापट वेगाने अंगावर येतात. घरून दर दिवाळीला येणारा निरोप यानात दर सव्विसाव्या दिवशी पोचतो. आधी आईचा आवाज, मग तोच थरथरता, मग एकदम भाचीचा. (हे लिहिताना मीच रडले, ते असो.)

आता अडचण. यान क्षणात हा वेग गाठतं असं मी धरलंय, म्हणजे आतल्या माणसांचा चुराडाच! एक जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं) त्वरण धरलं तर वेग घेण्यात आणि कमी करण्यात यानातली किती वर्षं जातील? सव्वीस दिवसांचा हिशेब कितपत मोडेल? भौतिकशास्त्रवाल्यांनी जरा बघा ना. नुसतं सूत्र दिलंत तरी चालेल, पण पायऱ्यांसकट. बारावीनंतर कॅल्क्युलस सुटलंय.