उ: नस लहानपणी तुटली तर

इजा जितकी लहान वयात, तितकी नस लवकर भरून येते, असं मूळ प्रश्नात म्हटलंय. हाडांचं ठीक, चेतापेशींचं गणित निराळं आहे.

नस ज्या अवयवाला जाते, तो अवयव स्वतः एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) हे चेतापेशींना जगवणारं वाढघटक प्रथिन बनवतो, पण हात राखून. चेतापेशीच्या लांब तंतूची टोकं ते शोषून पार पेशीपर्यंत पोचवतात. मोठ्या उंदरात ही रसद तुटली तरी बहुतेक पेशी तग धरतात आणि तंतू पुन्हा वाढतो. नवजात पिल्लात मात्र पेशीच मरते. ६-हायड्रॉक्सीडोपामाइन हे विषारी रसायन टोचलं की मोठ्या उंदराची सिंपथेटिक (अवयवांचं काम आपोआप चालवणाऱ्या) नसांची टोकं जळतात आणि काही आठवड्यांत परत फुटतात. पिल्लाला तेच दिलं तर नुकसान बरंचसं कायमचं. (लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन या शास्त्रज्ञांचं १९८६चं नोबेल वाढघटकांच्या शोधासाठी, त्यात हे प्रथिनही आलं.)

खरी गंमत पुढे आहे. पंगतीतून एक जण उठला की त्याचा वाटा शेजाऱ्याला मिळतो, तसं सिंपथेटिक तंतू गेले की उरलेलं एनजीएफ संवेदी (स्पर्श, वेदना कळवणाऱ्या) तंतूंच्या वाट्याला येतं. उंदराच्या डोळ्यातल्या आयरिसचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा) सिंपथेटिक नसांचा पुरवठा काढला, तर तिथल्या संवेदी तंतूंमधलं सबस्टन्स पी हे वेदनेचा निरोप नेणारं रसायन वाढतं. एनजीएफविरोधी प्रतिपिंड दिली की ही वाढ थांबते. म्हणजे अवयवाचा नसांचा पुरवठा नुसता घटत नाही, त्याची जातच बदलते!

त्यामुळे 'मग एनजीएफचं इंजेक्शनच का देत नाहीत?' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. माणसांवरच्या चाचण्यांत ते टोचलं तिथेच दुखायचं, स्नायूही ठणकायचे.